नाशिकची स्वस्त तिकिटे आणि सत्तांतर

टपाल-तिकिटांचा विचार आपल्याकडे बहुधा छंद म्हणून होतो, आणि छंदात मोल असते ते दुर्मिळतेला. १८५४ साली कलकत्त्यास छापलेल्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणीचे मस्तक उलटे पडले. त्या मोजक्या प्रतींची कीर्ती जगभर आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांपासून छापखान्यातील एका चुकीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. याउलट जी तिकिटे अमाप छापली गेली आणि म्हणूनच आजही जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात, त्यांत राज्ययंत्राच्या रोजच्या सवयी उतरलेल्या असतात. त्या भिंगाखाली शोधण्यात एक निराळाच आनंद आहे.

१९३७ साली नाशिकच्या सरकारी मुद्रणालयाने सहाव्या जॉर्जची जी मालिका छापली, तिच्यात दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतच्या तिकिटांवर टपालाची वाहने आहेत. दोन आण्यांना पायी धावणारा हरकारा, अडीच आण्यांना बैलगाडी, तीनला टांगा, साडेतीनला उंट, चारला आगगाडी, सहाला आगबोट, आठला लॉरी आणि बाराला विमान. प्रथमदर्शनी हा प्रगतीचा क्रम वाटतो. पण तो काळाचा क्रम नव्हे. ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुवेझला १८३० सालीच गेली होती. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली ती १८५३ साली. शिवाय ज्या हरकाऱ्याला या शिडीच्या तळाशी बसवले, तो १९३७ साली डोंगराळ मुलखात प्रत्यक्ष टपाल वाहतच होता. चालू व्यवहारातील माणसाला भूतकाळाचे प्रतीक करून टाकण्याची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात राजाचे मस्तक आहेच. १९४० साली चौदा आण्यांचे तिकीट निघाले, त्यावरही विमानच आहे. मस्तक मात्र आकाराने वाढले आहे!

फाळणीनंतर हीच कारकीर्द दुसऱ्या नावाने चालू राहिली. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानची पहिली तिकिटे विक्रीस आली ती सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द इंग्रजी लिपीत वरून छापून. आणि हे काम नाशिकलाच झाले. चौदा आण्यांच्या विमानावरही तो शब्द आहे. नव्या राष्ट्राचे नाव शेजारच्या राष्ट्राच्या छापखान्यात, जुन्या राजाच्या मस्तकावर उमटावे, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. इकडे भारतातही, स्मारक तिकिटे वगळता, १९४९ पर्यंत नित्याच्या टपालावर तोच राजा होता.

१५ ऑगस्ट १९४९ रोजी राजा गेला आणि त्याच्या जागी लेणी, मंदिरे व इमारती आल्या. तीन पै, म्हणजे जुना एक पैसा, या सर्वांत स्वस्त तिकिटावर अजिंठा. नऊ पैंवर घारापुरीची त्रिमूर्ती. सहा आण्यांवर विजापूरचा गोलघुमट. आणि पंधरा रुपयांवर पालिताण्याची शत्रुंजय मंदिरे. एका आण्यावर बोधिसत्त्व होता. ही मूर्ती पहिल्या छपाईत डावी-उजवी उलटी उमटली. मूर्तिशास्त्रात कोणता हात कोणत्या बाजूस आहे ही काही गौण बाब नव्हे. १५ जुलै १९५० रोजी सुधारलेले तिकीट काढावे लागले. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली, तर एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब वाटते. पहिल्याला उलट्या मस्तकाची कीर्ती लाभली नाही, कारण ते विपुल आहे. पण चुकीचा अर्थ पाहू गेल्यास, राष्ट्राने आपला वारसा मिरवण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नात मूर्तीकडे किती लक्ष दिले होते, याचे हे प्रमाण होय.

याहून सूक्ष्म गोष्ट चित्रात नाही, कागदात आहे. तिकीट पालथे करून काळ्या बशीत ठेवले आणि त्यावर बेंझिनचे दोन थेंब टाकले, की जलचिन्ह दिसू लागते. १९४९ च्या तिकिटांत ओळीने तारे दिसतात. नाशिकला १९२६ पासून छापलेल्या पाचव्या जॉर्जच्या तिकिटांत हेच तारे आहेत. ‘पाकिस्तान’ छापलेल्या तिकिटांतही तेच. चित्र पालटले, नाव पालटले, कागद तोच राहिला. अशोकस्तंभाचे जलचिन्ह नित्याच्या तिकिटांत आले ते १९५८ च्या सुमारास. पुरवठा, साचे आणि कारागीर यांचे सातत्य राज्यघटनेच्या तारखांना किती कमी जुमानते, हे या कागदावरून कळते.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. स्वस्त तिकीट म्हणून संग्राहक ते पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवतात. त्यामुळे चित्र आणि जलचिन्ह राहते. शिक्का अर्धाच राहतो. पत्ता, मार्ग आणि एकूण भरलेले टपालमूल्य जाते. आपल्या संग्रहालयांनी आणि विभागांनी जुन्या घराण्यांचे कागद स्वीकारताना पत्रे ठेवून पाकिटे परत करण्याची किंवा फेकण्याची प्रथा थांबवावी. साधे एका आण्याचे तिकीट, पूर्ण शिक्का आणि दोन गावांची नावे असलेले पाकीट बाजारात आजही फार महाग नाही.