आजीचा श्वास आणि एफएमचा प्रीसेट

पडेगावातून बोलतोय. हेडफोन असतील तर लावा, आजचा विषय आवाजाचाच आहे.

मागच्या महिन्यात मी आजीला रेकॉर्ड केलं. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, ते ती सांगत होती. मधेच थांबते, मोठा श्वास घेते, मग पुढचं बोलते. मी घाईत प्रोसेसिंग सॉफ्टवेअरमधला एफएम रेडिओचा तयार प्रीसेट लावला. आवाज एकदम दणदणीत! पण आजी थांबली की पंख्याची घरघर वर यायची. आई म्हणाली, "ही आपली आजी नाही रे, जाहिरातीतली बाई वाटते."

असं का झालं, ते शोधताना थेट इतिहासात शिरलो.

आपल्या शहरात रेडिओ निजामाच्या काळापासून आहे. 1947 मध्ये संस्थानांकडे पाच रेडिओ केंद्रं होती: म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि आपलं औरंगाबाद. तेव्हाचा जमाना एएमचा. त्यात आवाजानुसार लहरीची उंची बदलते. आवाज मर्यादेबाहेर गेला की तो फाटतो, शिवाय शेजारच्या स्टेशनमध्ये घुसतो. फार हळू ठेवला तर विजेच्या खरखरीत बुडतो. म्हणून इंजिनिअर काट्यावर नजर आणि बटणावर हात ठेवून बसायचा. हेच काम पुढे यंत्राकडे गेलं. हळू आवाज वर ओढणारा कॉम्प्रेसर आणि वरची हद्द सांभाळणारा लिमिटर, दोघंही या गरजेतून आले.

भारतात एफएम 1977 मध्ये मद्रासला सुरू झालं. त्यात खरखर कमी करायला बारीक, उंच स्वर आधीच वाढवून पाठवतात आणि रेडिओ ते परत खाली आणतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात, आपल्याकडे 50 मायक्रोसेकंद. त्यामुळे 'स', 'श' पटकन हद्दीला भिडतात, म्हणून त्यांना वेगळा लिमिटर. 1975 मध्ये अमेरिकेत ऑर्बन कंपनीचा ऑप्टिमोड आला. ही सगळी कामं त्याने एकाच डब्यात बसवली. मग चढाओढ लागली: डायल फिरवताना आपलंच स्टेशन मोठं वाटलं पाहिजे!

आता बघा, माझ्या पॉडकास्टला ना ट्रान्समीटर आहे, ना शेजारचं स्टेशन. तरी मी त्या काळातली सगळी बंधनं आजीच्या आवाजावर लादली होती. वर तोटाच. 2006 मध्ये आयटीयूने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायची पद्धत ठरवली. तिचं एकक एलयूएफएस. आज बरेच प्लॅटफॉर्म त्या मापाने आवाज स्वतःच समान करतात. तुम्ही मोठा केला, की ते खाली आणतात. दाबला गेलेला आवाज मात्र दाबलेलाच राहतो.

शेवटी मी सेटिंग असं केलं: प्री-एम्फसिस बंद. पाच बँडचा कॉम्प्रेसर काढून एकच, हलका. आवाज आपोआप वर ओढणाऱ्या एजीसीला गेट, म्हणजे आजी थांबली की तोही थांबेल. एकूण पातळी उणे 16 एलयूएफएस आणि शिखर उणे 1 डीबीच्या आत.

पंखा अजून ऐकू येतो, पण मागे, जिथे होता तिथेच. श्वासही ऐकू येतो.

एक सांगतो. पहिल्या प्रयत्नानंतर जागा कमी पडते म्हणून मी मूळ वेव्ह फाईल उडवणार होतो. ती गेली असती, तर हे काहीच परत मिळालं नसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रेकॉर्ड करा आणि मूळ फाईल जपून ठेवा. प्रीसेट काय, पुन्हा लावता येतो. भेटू पुढच्या भागात!