रुमालांतील कागद

मराठ्यांच्या इतिहासाचे कागद सरकारी दप्तरांत होते, तसे घरोघरच्या माळ्यांवरहि रुमालांत बांधून पडलेले होते. वि. का. राजवाडे यांनीं त्यांच्या शोधार्थ गांवोगांव पायपीट केली. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें खंडांची संख्या २२ झाली.

रुमाल हातीं आला कीं तो कोणत्या गांवचा, कोणाच्या घरचा हें प्रथम टिपावें, आणि आंतला क्रम मोडूं नये. जुन्या पत्रांवर पुष्कळदां चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, तेवढी असते, सन नसतो. तो शेजारच्या पत्रांवरून ताडावा लागतो. कोणी टापटिपीच्या हौसेनें पत्रें आकाराप्रमाणें लावून ठेविलीं, तर वाळवीहून अधिक हानि होते!

अशा संग्रहांस घर हवें. ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. राजवाडे मात्र तापट. तेथेंहि ते टिकले नाहींत. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां खुद्द त्यांचाच संग्रह पोरका होण्याची वेळ आली. १९२७ मध्यें धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ निघालें व त्यानें तो सांभाळला.