नवसाची जोडी

आत शिरताना बूट पुसा. हे १९२९ च्या जरा आधीचं लंडन आहे. बाहेर कोळशाच्या धुराने पिवळं पडलेलं धुकं, आत टेबलावर जाड लोकरी कापड आणि त्यावर दोन फुलदाण्या. वू लायशी नावाच्या चिनी व्यापाऱ्याने ही जोडी चीनहून आणली आहे. टेबलाभोवती चारपाच जाणकार साहेब वाकलेत. तुम्ही कोपरा धरा आणि तोंड उघडू नका. या खोलीत सगळ्यांत जास्त माहिती तुम्हालाच आहे, पण तुमचं ऐकणार कोण?

फुलदाण्या दोन फुटांहून उंच, पांढऱ्या अंगावर निळं चित्रकाम. मानेच्या दोन्ही बाजूंना हत्तीची तोंडं. त्यांत एके काळी कड्या होत्या, त्या गेल्यात. पोटावर ढगांतून वळसे घेत जाणारा ड्रॅगन, मानेवर फिनिक्स पक्षी, त्याच्या वर केळीच्या पानांची रांग, आणि त्या पानांच्या मधल्या जागेत उभ्या ओळींत अक्षरं. एक साहेब फुलदाणी अलगद आडवी करून बूड बघतो. चिनी मातीचं भांडं पारखायचं ते बुडाकडून. तिथल्या कडेला झिलई नसते, माती उघडी असते, लबाडी लपवायला जागा कमी. तो कडेवरून अंगठा फिरवतो, टिचकी मारून कान लावतो. दुसरा भिंगातून अक्षरं लावतो. त्यात तारीख निघते: युआन घराण्यातल्या झिझेंग कालखंडाचं अकरावं वर्ष, चौथा महिना, शुभ दिवस. म्हणजे १३५१.

आणि इथेच सगळ्यांचे चेहरे पडतात.

त्यांना अडाणी ठरवायची घाई करू नका. निळं-पांढरं काम बहरलं ते मिंग घराण्याच्या काळात, म्हणजे १३६८ नंतर, अशी तेव्हाच्या जाणकारांची पक्की समजूत. त्याआधी एवढं सफाईदार काम होतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. शिवाय चिनी भांड्यांवरच्या राजमुद्रांनी त्यांना अनेकदा चकवलेलं आहे. सतराव्या शतकातले कुंभार आपल्या वाट्यांच्या बुडाशी बेधडक दोनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचं नाव घालत. कधी जुन्यांना मान म्हणून, कधी गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. अशा धंद्यात मुरलेल्या माणसाला दाखला जितका चोख, तितका वास जास्त येतो. ब्रिटिश म्युझियमचे आर. एल. हॉब्सन १९२९ साली लेख लिहून ही जोडी युआन काळातली असल्याचं मांडतील, पण त्या लेखाचं वजन कळायला अजून वीस-बावीस वर्षं जायची आहेत. या सगळ्यांना नुसत्या अक्षरांवर विसंबावं लागलं. तुम्ही सरळ साक्षीला जाऊ शकता.

तर जा.

पहिल्यांदा आवाज येईल. ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे पांढरा दगड कुटताहेत, धप्प, धप्प, थांबून पुन्हा धप्प. १३५१ सालचं, चांग नदीकाठचं चिनी भांड्यांचं गाव जिंगदेझेन. दगडाची भुकटी पाण्यात निवळून तिच्या विटा पाडतात आणि त्यात गाओलिंगच्या डोंगरातली माती मिसळतात. दगड भांड्याला काचेसारखं वितळवतो, माती त्याला भट्टीत कोसळू देत नाही. नुसत्या एकाने काम भागत नाही. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडावं लागेल. इथे मात्र ते पोराटोरांना ठाऊक आहे, आणि तुम्ही वाटेत उभे असल्यामुळे विटांची पाटी घेतलेला एक पोरगा तुमच्यावर खेकसतोय. सरका.

एवढी मोठी फुलदाणी चाकावर एका दमात उठत नाही. मान वेगळी, पोट वेगळं, पाया वेगळा; मग पातळ मातीच्या राबडीने सांधे जोडायचे. नीट बघितलंत तर पोटावर सांध्याची पुसट वळी हाताला लागेल. सुकलेल्या, न भाजलेल्या अंगावर आता चितारी बसलाय. वाटीतला रंग निळा नाही, मळकट काळा आहे. हे कोबाल्ट इराणकडून आलेलं, महाग. कच्ची माती रंग लागल्या क्षणी पिऊन टाकते. रेघ चुकली तर पुसता येत नाही. ड्रॅगनच्या अंगावर तो खवले ओढतोय, एकामागून एक, आणि मधे ब्रश उचलून पुन्हा रंगात बुडवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच श्वास घेतोय. जिथे ब्रश क्षणभर रेंगाळला तिथे भाजल्यावर निळ्यात काळपट ठिपका उतरणार आहे. पुढे सहाशे वर्षांनी लोक याच ठिपक्यांवर भिंग धरून बोलणार आहेत, आणि नकली माल करणारे तेच ठिपके मुद्दाम टाकणार आहेत.

मग अक्षरं. मजकूर आधी लिहून आलेला आहे, त्यावरून उतरवायचा. माणूस झांग वेनजिन, यूशान परगण्यातला, जिंगतांग वस्तीचा. पत्ता प्रांतापासून गल्लीपर्यंत दिलाय, जणू देवाला घर सापडायला नको का! त्याने एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी वुयुआनच्या देवळात हू जिंगयी नावाच्या सेनापती-देवाला वाहिली आहे. मागणं इतकंच की घरदार सुखरूप राहावं आणि मुलाबाळांना काही होऊ नये. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर सप्रेम भेट देणाऱ्याचं नाव-गाव रंगवलेलं असतं, अगदी त्या जातीचा हा मजकूर. संग्राहक, दालन, काचेची कपाटं यांतलं काही या माणसाच्या ध्यानीमनी नाही. त्याने नवस फेडलाय किंवा बोललाय.

भट्टीपाशी फार वेळ थांबू नका, उष्णता सोसणार नाही. डोंगरउतारावर लांबट पसरलेली, पाइनच्या लाकडांवर तेराशे अंशांच्या घरात पेटणारी. प्रत्येक भांडं जाड मातीच्या डब्यात बंद, राख उडून झिलई खराब होऊ नये म्हणून. आतलं कुणाला दिसत नाही. थंड होऊन डबे उघडतात तेव्हा काही भांडी मान वाकडी करून बसलेली निघतात, काही तडकलेली. ते सगळं मागच्या ढिगाऱ्यात. आपली जोडी सरळ निघते. काळ्याचा निळा झालाय, आणि चितारी तो बघायलाही येत नाही, त्याच्यापुढे दुसरं काम आहे.

त्याच वर्षी उत्तरेत पीत नदीच्या बंधाऱ्यांवर दीड लाख लोक वेठीला धरले आहेत. झांगच्या नवसाची शाई वाळते न वाळते तोच त्यांच्यात लाल फेट्यांचं बंड पेटेल, पुढच्याच वर्षी त्याची झळ या भागालाही बसेल आणि सतरा वर्षांत युआन घराणं उखडलं जाईल. मुलाबाळांची काळजी त्या माणसाने उगाच केली नव्हती.

आता एक छोटी उडी, १३८८. मिंग राजवट. त्साओ झाओ नावाच्या रसिकाने जुन्या वस्तू पारखायचं पुस्तक पुरं केलंय: कांस्यपात्रं, चित्रं, वाद्यं, शाईचे दगड, जेड, लाखेचं काम, चिनी माती. नवश्रीमंतांनी फसू नये म्हणून लिहिलेलं असं पुस्तक. त्याच्या खांद्यावरून डोकावा. निळ्या चित्रांच्या आणि रंगीबेरंगी भांड्यांपाशी तो एका वाक्यात थांबतो आणि ती फार गावंढळ असल्याचा शेरा मारून पुढे जातो. झांगची जोडी तेव्हा जेमतेम सदतीस वर्षांची. जुनी नाही, उंची नाही, भडक आहे. त्या काळच्या अभिरुचीला सुंग काळातली चित्राविना, मंद हिरवट-निळसर झिलईची भांडी प्रिय. खरं सांगायचं तर मलाही त्याचं म्हणणं अगदीच पटत नाही असं नाही. ड्रॅगन, फिनिक्स, केळी, कमळं, लाटा, शेवंती, सगळं एकाच अंगावर. श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीय?

पण रसिकांवर फार भरवसा नको. अठराव्या शतकात बीजिंगच्या राजवाड्यात डोकावून या. चियेनलुंग बादशहासमोर सुंग काळातल्या रू भट्टीचं एक लंबगोल पात्र आहे, तडा नसलेली, आभाळासारखी झिलई. जगात रू भट्टीची शंभरसुद्धा भांडी उरलेली नाहीत, त्यांतलं हे मुकुटमणी. बादशहाने त्यावर कविता केलीय आणि राजवाड्याच्या कारागिरांकडून ती सरळ पात्राच्या बुडावर कोरून घेतलीय. हे सुंगचं की तांगचं ते ओळखू येत नाही, अशी तीत कबुली आहे, आणि याला कुत्र्याच्या पिल्लाचं खायचं भांडं म्हणतात या वदंतेचाही उल्लेख. कोरणाऱ्याचा हात थरथरला नसेल का? चिनी मातीच्या भांड्यांवर बादशहाने दोनशेच्या घरात कविता रचल्या. इतकी आवड, इतका खजिना, आणि तरी वस्तू सांगतेय एक, वाचतोय एक.

१९२० च्या दशकातलं पेकिंग हे त्या खजिन्याचं फुटणं आहे. १९२४ मध्ये शेवटचा बादशहा पूयी याला राजवाड्यातून काढलं, पुढल्या वर्षी तिथेच संग्रहालय उघडलं. दरबारातल्या काही वस्तू त्याआधीच गहाण पडून बँकेच्या तिजोरीत गेल्या होत्या. ल्यूलीचांगच्या गल्लीत जुन्या पुस्तकांच्या नि वस्तूंच्या दुकानांपुढे रिक्षा थांबतात. तिथे एक गोरटेला, नीटस माणूस तुम्हाला भेटेल आणि त्याचं गाव ऐकून तुम्ही चमकाल. पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२, मुंबई. वडील सर सासून डेव्हिड हे १९०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. व्यवसाय कापसाचा, सुताचा आणि चीनशी व्यापाराचा. मुंबईच्या गिरण्यांचं सूत त्या काळात गठ्ठ्यागठ्ठ्यांनी चीनला जाई, आणि त्याच्याही आधी याच बंदरातून माळव्याची अफू गेलेली. कोकणातून, साताऱ्याहून आलेल्या गिरणीकामगारांनी ते सूत काढलं. डेव्हिडांचा संग्रह दाखवताना मार्गदर्शकाने त्यांचीही आठवण काढायला हरकत नसावी. मुंबईत सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या चिनी-जपानी वस्तू आजही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. ती हौस याच वाऱ्यावर आलेली.

डेव्हिड मात्र नुसते हौशी नव्हते. ते चिनी शिकले. बँकेत अडकलेल्या शाही वस्तू त्यांनी विकत घेतल्या, राजमुद्रा आणि मजकूर असलेली भांडी हेरून जमवली. सौंदर्याइतकाच त्यांना पुरावा हवा होता. म्हणून इतरांनी जिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, ती झांगची जोडी त्यांच्याकडे आली; तोवर ती फुटून दोन मालकांकडे गेली होती, त्यांनी एकेक करून दोन्ही मिळवल्या.

१९३५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अकादमीत चिनी कलेचं प्रदर्शन भरतं, पुढाकार डेव्हिड यांचा. चीन सरकारने पाठवलेल्या वस्तूंच्या ९३ पेट्या ब्रिटिश युद्धनौकेतून आल्या आहेत. आपली ठेव परक्यांच्या हाती का द्यायची, म्हणून चीनमधल्या विद्वानांनी आधीच जाहीर विरोध नोंदवलाय. गर्दी एवढी की तुम्हाला काही धड दिसणार नाही. चार लाखांहून जास्त लोक येऊन गेले. चला बाहेर.

इस्तंबूल गाठा. १९५० च्या आसपास तोपकापी राजवाड्याच्या जुन्या स्वयंपाकघरात वॉशिंग्टनचे अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप भल्यामोठ्या निळ्या-पांढऱ्या ताटांपुढे बसलेत. ताटांवर तारीख नाही. पोप यांच्या डोक्यात डेव्हिडांची जोडी आहे: केळीच्या पानाची धार अशी, कमळाचं पान असं काटेरी, लाटा अशा. ते ताटांवरचं एकेक पान त्या जोडीवरच्या पानाशी ताडतात आणि ताटं जुळत जातात. इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्याला शाह अब्बासने १६११ साली दिलेल्या भांड्यांतूनही काही असंच निघतं. १९५२ आणि १९५६ मध्ये त्यांचं लेखन छापून येतं आणि चौदाव्या शतकाचं एक आख्खं दालन उघडतं. नंतर दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या आवारात अशाच भांड्यांचे तुकडे सापडले. तुघलकांच्या ताटात चिनी ड्रॅगन! मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून दौलताबादेवरून चीनकडे निघालेल्या इब्न बतूताने चिनी भांडी हिंदुस्थानात आणि पार मोरोक्कोपर्यंत जातात असं लिहून ठेवलं होतंच. वाचलं सगळ्यांनी होतं. तसली भांडी कशी दिसतात ते मात्र झांगच्या तारखेमुळे कळलं.

डेव्हिड यांनी १९५० मध्ये आपला संग्रह लंडन विद्यापीठाला दिला आणि १९६४ मध्ये ते गेले. अखेरच्या वर्षांत त्यांनी एका चिनी पुस्तकाचं भाषांतर चालवलं होतं, ते त्यांच्या पश्चात १९७१ साली निघालं. पुस्तक कोणतं? त्साओ झाओचं. निळ्या-पांढऱ्या भांड्यांना गावंढळ म्हणणारा तो शेरा जगातल्या सर्वांत प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या जोडीच्या मालकाने इंग्रजीत उतरवला. २००५ मध्ये त्याच युआन काळातली एक निळी-पांढरी बरणी लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ५७ लाख पौंडांना गेली. जोडी आता ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात आहे. तिथे जाऊन बघायची तर बघा, तिकीट नाही.

मी तुम्हाला त्यापेक्षा आजच्या जिंगदेझेनला नेईन. सोमवारची पहाट, अजून अंधार आहे. इथे आठवड्याचा बाजार दिवस उगवण्याआधी भरतो, आणि लोक हातात विजेरी घेऊन जमिनीवर मांडलेले तुकडे, वाट्या, फुलदाण्या उजळून बघतात. खिसा सांभाळा. एका फडक्यावर ड्रॅगनची जोडी उभी आहे. केळीची पानं, मधे झांग वेनजिनचा पत्ता, नवस, तारीख, सगळं जिथल्या तिथे. हत्तीच्या तोंडात चकचकीत कड्यासुद्धा. तुम्ही बूड उलटून कडेवरून अंगठा फिरवता. कड चहाच्या पाण्याने तपकिरी केलेली.

"जुनी आहे," विक्रेता म्हणतो.

"किती जुनी?"

"लिहिलंय की त्यावर."

तुम्ही हसता, तोही हसतो, आणि किंमत निम्म्यावर येते. मग तुम्ही मजकुरावर विजेरी धरून विचारता, "यात तर धूपपात्रही लिहिलंय. ते कुठंय?"

लंडनच्या जोडीसोबतचं धूपपात्र कधीच सापडलेलं नाही. विक्रेता वाकून अक्षरं वाचतो. इतकी वर्षं विकतोय, पण बहुधा पहिल्यांदाच वाचत असावा.

"पुढच्या सोमवारी या," तो म्हणतो. "करून ठेवतो."