जुनी पिकअप, मोठं चाक आणि पुढची साखळी

पीएचडीला येण्याआधी मला वाटायचं, तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे कुणी, कधी, काय शोधलं याची यादी. आज असं उदाहरण बघू, जिथे अशी यादी फारशी कामाला येत नाही: आइसलँडमधली बर्फावर चालणारी पिकअप.

बऱ्याच जणांना ही गाडी २००७ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'मुळे कळली. टोयोटा हायलक्समधून ही मंडळी उत्तर चुंबकीय ध्रुवावर पोचली, असं सांगितलं जातं. इथेच एक सवय लावून घ्या: दावा नीट वाचा. ते पोचले ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागी. चुंबकीय ध्रुव सरकत असतो आणि २००७ पर्यंत तो बराच पुढे गेला होता. गाडी तयार केली 'आर्क्टिक ट्रक्स'ने. टोयोटाच्या आइसलँडमधल्या व्यवसायाचा एक विभाग म्हणून हे काम १९९० मध्ये सुरू झालं. पण गोष्ट त्याहून जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४० ला ब्रिटिश आणि १९४१ ला अमेरिकन सैन्य आइसलँडमध्ये उतरलं आणि त्यासोबत जीप आल्या. युद्धानंतर त्या तिथल्या लोकांच्या हाती पडल्या. देशाचा मधला भाग म्हणजे ओसाड पठार, हिमनद्या आणि पूल नसलेल्या नद्या. देशाला वळसा घालणारा मुख्य रस्तासुद्धा १९७४ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे गाडी वाटेप्रमाणे बदलून घेणं भागच होतं.

१९७९ मध्ये हायलक्स फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आली. पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे गॅरेजमध्ये खोलायला सोपी. १९८० च्या दशकात आइसलँडमध्ये एक युक्ती रुळली: मोठे टायर लावायचे आणि बर्फावर त्यातली हवा काढून टाकायची.

हिशोब करून बघू. २ टनांच्या गाडीचं वजन सुमारे २०,००० न्यूटन. पंपावर आपण 'तीस भरा' म्हणतो ते पीएसआय. २८ पीएसआय म्हणजे साधारण १९० किलोपास्कल. वजन भागिले दाब केलं, की चारही टायर मिळून जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ येतं ०.१ चौरस मीटर. हवा ३ पीएसआयवर आणली, तर कागदावर ते १ चौरस मीटरच्या जवळ जातं. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, म्हणून आकडा कमी येईल. तरी बर्फावरचा दाब उभ्या माणसाच्या तळव्याखालच्या दाबाच्या आसपास येतो. गाडी रुतत नाही.

पण आता नवीन अडचणी सुरू होतात. ३१ इंची टायरच्या जागी ३८ इंची लावला, की तो मडगार्डला घासतो. मग बॉडी उचला, मडगार्ड कापा. चाक एका फेऱ्यात सुमारे २३ टक्के जास्त अंतर कापतं, त्यामुळे जमिनीवर मिळणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो आणि क्लचवर ताण येतो. मग डिफरन्शियलचं गुणोत्तर बदला, ४.१० असेल तर ५ च्या आसपास न्या. हवा कमी असली, की टायर रिमवरून निसटतो. मग रुंद रिम आणि टायर पकडून ठेवणारं बीडलॉक आलं. रस्त्यावर परतताना हवा भरायची, म्हणून गाडीतच कॉम्प्रेसर.

साखळीतला शेवटचा प्रश्न गॅरेजबाहेरचा आहे. याच गाड्या घेऊन तिथली स्वयंसेवी बचाव पथकं हिमवादळात माणसं शोधायला जातात. पण उघड्या जमिनीवर, शेवाळावर उमटलेली चाकोरी भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवायला कायद्याने बंदी आहे. गोठलेल्या जमिनीवर बर्फ साचलेला असेल तेव्हा सूट मिळते.

आता 'ही गाडी कुणी शोधली?' हा प्रश्न किती अपुरा आहे ते बघा. 'आधीच्या उपायाने काय बिघडलं?' असं विचारलं, की प्रत्येक बदलाचं कारण दिसतं आणि क्रमही लागतो. कापलेलं मडगार्ड आणि वेल्डिंगवरचं वेल्डिंग हासुद्धा पुरावाच आहे, कागदपत्रांइतकाच.

स्वतःचा सिनॉप्सिस लिहिताना हेच करून बघा. पद्धतीच्या प्रत्येक टप्प्याखाली एक ओळ लिहा: यामुळे पुढे काय बिघडेल? गाईड बहुधा हेच विचारणार आहेत. उत्तर आधीच तयार असलेलं बरं.