मधल्या वयाचा इतिहास

एकाच मुलाला घरांतील वडील माणसें सकाळीं ‘आतां तूं लहान नाहींस’ असें बजावतात आणि सायंकाळीं ‘तूं अजून लहान आहेस’ असें सुनावतात. यांत कोणाचें ढोंग नसतें. बारा-तेरा वर्षांपासून विशीपर्यंतचें वयच असें आहे कीं, त्याला कोणत्या बाजूस घालावें हें समाजाला पुष्कळ काळ ठरवितां आलें नाहीं. मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें असें सांगणारें सुभाषित आम्हां सर्वांस ठाऊक आहे. पण तें मुलापुरतें. मुलीचें बाल्य विवाहानें संपे व लगेच संसार सुरू होई; मधलें वय तिच्या वांट्यास येतच नसे. हें मधलें वय समाजाला आणि शास्त्राला कसकसें दिसूं लागलें, तें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासांतील एक मोठें प्रकरण मुंबईच्या हायकोर्टांत घडलें. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह झाला. परंतु त्या नांदावयास गेल्या नाहींत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्यें पति दादाजी भिकाजी यांनीं त्यांना नांदावयास पाठवावें म्हणून दावा लावला. पुढील वर्षीं न्या. पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. पण अपिलांत तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं हुकूम केला कीं, महिन्याच्या आंत पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. कैद पत्करूं, पण जाणार नाहीं, असा रखमाबाईंचा निर्धार होता. १८८८ मध्यें पैसे देऊन तडजोड झाली. त्यानंतर त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली.

अकराव्या वर्षीं जो विवाह आपल्या संमतीवांचून झाला तो आपणांस बंधनकारक नाहीं, हें त्यांचें म्हणणें. अकराव्या वर्षीं जिचें मत विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, तिलाच पुढें त्या विवाहाबद्दल जबाबदार धरण्यांत आलें. ओझें वाहण्यापुरती प्रौढ आणि बोलण्यापुरती मूल, अशी ही दुहेरी मापें होतीं. मधल्या वयाचा सारा इतिहास या दोन मापांचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

याच सुमारास, १८८४ मध्यें, बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहावरील आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं होतीं. १८९० मध्यें कलकत्त्यास फुलमणि नांवाच्या अल्पवयी विवाहितेच्या मृत्यूचा खटला गाजला, आणि १८९१ च्या कायद्यानें संमतीचें वय दहावरून बारावर नेलें. त्या वेळीं पुण्यांत जो वाद माजला तो वाचकांस परिचित आहे. आगरकर कायद्याच्या बाजूस होते. टिळकांचा विरोध सरकारच्या हस्तक्षेपास होता. सुधारकांनीं आपण होऊन मुलीचा विवाह सोळा व मुलाचा वीस वर्षांपूर्वीं न करण्याची प्रतिज्ञा घ्यावी, अशी सूचना त्यांनींच केली होती. डॉ. भांडारकरांनीं शास्त्रवचनांचा अर्थ उलगडून कायद्यास पुष्टि दिली. मात्र वादाचा मुख्य भर शरीरावर व शास्त्रार्थावर होता. मुलीच्या मनाचें काय, हा प्रश्न बव्हंशीं बाजूस राहिला.

तो प्रश्न शास्त्राच्या पटावर आला १९०४ मध्यें. त्या वर्षीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ले हॉल यांनीं या वयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हें वय वादळाचें व तणावाचें असतें असें प्रतिपादिलें. १९२८ मध्यें मार्गारेट मीड यांनीं सामोआ बेटांतील मुलींविषयीं लिहून त्यास उत्तर दिलें: तेथील मुली या वयांतून शांतपणें जातात, तेव्हां वादळ निसर्गाचें नसून समाजाचें आहे. १९८३ मध्यें डेरेक फ्रीमन यांनीं मीडबाईंच्या निरीक्षणांवर कडक आक्षेप घेतले व तो वाद पुष्कळ काळ चालला.

दरम्यान मेंदूचाच अभ्यास पुढें सरकला. सहा-सात वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानें जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो. यावरून त्याची घडण संपली असा समज होता. १९७९ मध्यें पीटर हटेनलॉकर यांनीं मृतांच्या मेंदूंची तपासणी करून दाखविलें कीं, कपाळामागील भागांतील पेशींचे परस्परांशीं असलेले सांधे बालपणीं अतोनात वाढतात आणि पुढें पौगंडावस्थेपर्यंत कमी होत जातात. १९९९ मध्यें जे गीड व त्यांचे सहकारी यांनीं जिवंत मुलांच्या मेंदूंचीं चुंबकीय चित्रें पुनःपुन्हां घेऊन पाहिलें. कपाळामागील करडा थर अकरा-बाराच्या सुमारास सर्वांत जाड असतो व मग हळूहळू पातळ होतो, असें त्यांस आढळलें. ही हानि नव्हे. माळी वेल छाटतो तशी ही छाटणी आहे. वापरांतले मार्ग राहतात, बिनवापराचे जातात, आणि राहिलेल्या तंतूंवर वेष्टन चढून संदेश वेगानें धांवूं लागतात. संयम व दूरदृष्टि ज्या भागावर अवलंबून, त्याची ही घडण विशीच्या पुढेंही चालते. सुख व उत्तेजन यांना प्रतिसाद देणारे भाग मात्र लवकर जागे होतात.

या विषमतेचा संबंध सोबतीशींही आहे. २००५ मध्यें गार्डनर व स्टाइनबर्ग यांनीं मोटार हांकण्याच्या एका खेळांत पाहिलें कीं, सोबती जवळ असतां कुमारवयीन मुलें एकट्यापेक्षां पुष्कळ अधिक धोका पत्करतात; प्रौढांवर तो परिणाम फारसा होत नाहीं. शांतपणें विचार करावयास मिळाल्यास सोळा वर्षांचीं मुलें प्रौढांच्या जवळपास विचार करतात. घाईंत, क्षोभांत व चारचौघांत मात्र तीं घसरतात.

यावरून कायद्याचें वय ठरवावें काय? त्याच वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अठरा वर्षांखालील गुन्हेगारांस फांशी देणें घटनाबाह्य ठरविलें. उलट आमच्या देशांत २०१५ च्या कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर भयंकर गुन्ह्यांसाठीं प्रौढांप्रमाणें खटला चालविण्याची वाट उघडली. विवाहाचें वय १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीचें चौदा केलें, १९७८ मध्यें तें अठरा झालें. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें तेवीस जणींचा विवाह अठरापूर्वीं झालेला आढळला.

मेंदूचीं चित्रें सरासरी सांगतात. अमुक मुलगा अमुक दिवशीं शहाणा झाला असें तीं सांगत नाहींत. रेषा शेवटीं समाजालाच ओढावी लागते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती रेषा ओढतांना दोन मापें ठेवूं नयेत. मुलांचें मन अजून घडत आहे म्हणून त्यांच्यावर संसाराचें किंवा शिक्षेचें पूर्ण ओझें टाकूं नये. आणि तेंच कारण पुढें करून त्यांचें म्हणणें ऐकण्याचें टाळूंही नये. कोर्टाच्या हुकुमापुढें न डगमगणाऱ्या रखमाबाई त्या वेळीं तेवीस वर्षांच्याही नव्हत्या.

सुभाषितकारानें मित्र हा शब्द योजिला तो नेमका होता. मित्र हुकूम सोडीत नाहीं, आणि चूक झाली म्हणून साथही सोडीत नाहीं. तो उपदेश आतां मुलींनाही लागू करावा.