जिग चालींचें मूलस्थान

आयर्लंडांतील जिग ही नृत्याची चाल होय. तिच्या प्रचलित प्रकारांत सहा मात्रा तीन-तीनांच्या दोन गटांत येतात. त्यांपैकीं ‘आयरिश वॉशरवुमन’ ही चाल मूळची कोठची, हा वाद जुना आहे. जॉन प्लेफर्डनें लंडनांत १६५१ सालीं छापलेल्या नृत्यसंग्रहांत ‘डार्गासन’ ही चाल आहे. दोहोंचें साम्य पाहून कित्येकांनीं पहिली चाल इंग्रजी ठरविली.

परंतु पुष्पिकेंतील शक पोथीच्या लेखनाचा असतो, ग्रंथरचनेचा नव्हे, हें संग्राहकांस विदितच आहे. छापील चालींसही हाच न्याय लागू पडतो. शिवाय आयरिश वादक चाली कानांनींच शिकत. लेखन मागाहून झालें. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनीं १९०३ सालीं १८५० चालींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील अनेक चाली त्यांनीं वादकांकडून ऐकून स्मरणांत ठेविल्या होत्या. स्वरलेखन मात्र जेम्स ओनील यांचें.

तेव्हां १६५१ च्या छापावरून ‘डार्गासन’ त्या काळीं लंडनांत ठाऊक होती, एवढेंच सिद्ध होतें. ती आयर्लंडांतूनच तेथें गेली, हेंही पुराव्यावांचून म्हणतां येत नाहीं. पाठभेद जुळविले म्हणजे मूळ प्रत हातीं आली, असें स्वदेशाभिमानानेंही मानूं नये.