सुट्टी नसलेला नायक

मुलांच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला, की आपल्याकडे बोलणे बहुधा संस्कारांवर जाते. पुस्तकाने मुलाला काय शिकवावे आणि किती शिकवावे, याचा खल पुष्कळ झाला आहे. आज आम्ही ती बाजू सोडून एक साधा प्रश्न विचारणार आहोत. या कादंबऱ्यांतील मुलाला वेळ कोठून मिळतो? तो गड चढतो, चोराचा माग काढतो, मित्रांबरोबर दिवसदिवस हिंडतो. एवढा मोकळा दिवस त्याला कोणी दिला?

उत्तर त्या पुस्तकांतच असते. शाळेला सुट्टी लागलेली असते. कुमार-कादंबरीचे पुष्कळसे संकेत या सुट्टीतूनच निघालेले आहेत. घरचा खर्च कोणीतरी वडील माणूस चालवीत असते. संकट येते ते बाहेरून, चोराच्या नाहीतर लुच्च्या माणसाच्या रूपाने. मुलगा हुशारीने त्याच्यावर मात करतो. आणि शेवटी सगळे घरी येऊन जेवायला बसतात. हे संकेत वाईट आहेत असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्या थोड्या लेखकांनी ते मोडले, त्यांनी मराठी मुलाचे खरे आयुष्य आपल्याला दाखविले. आणि नेमकी तीच पुस्तके मुलांच्या कपाटाबाहेर राहिली, असे आमचे म्हणणे आहे. ते इतिहासाच्या आधाराने मांडतो.

या इतिहासाचा आरंभ १८८१ सालापासून धरता येईल. त्या वर्षी विनायक कोंडदेव ओक यांनी मुंबईत ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. एका मुलाच्या हाती मासिक आले, आणि दुसऱ्या मुलाला नऊ तासांचे काम ही सवलत म्हणून मिळाली. ही दोन मुले पुस्तकात एकमेकांना भेटायला पुढे फार वर्षे लागली.

पुढे नऊ वर्षांनी, १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीला यश आले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी आभाळातून पडलेली नाही, ती मागून, झगडून मिळविलेली आहे. कामगार चळवळीत उमर घालविलेल्या आम्हांला म्हणूनच सुट्टीतल्या कादंबरीचा राग येत नाही. ती सुट्टी कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, एवढेच आम्ही विचारतो.

त्याच १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्र काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी नव्हे. तरी ती यमूने आपल्या तोंडाने सांगितलेली हकीकत आहे, आणि ज्या वयाला आज आपण कुमारवय म्हणतो त्याच वयात तिच्यावर संसार येऊन पडतो. लग्न, सासर आणि शेवटी वैधव्य, यांच्यामध्ये तिला मुलगी म्हणून राहायला फुरसतच मिळत नाही. मुलांच्या कादंबरीला पुढे दीर्घकाळ मुलगेच नायक का मिळाले, याचे कारण येथे सापडते. साहसाला निघायचे तर आधी घरकामातून मोकळीक हवी.

१९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक आले आणि मुलांचे वाङ्मय घरोघर पोचू लागले. पण संकेतांना खरा धक्का दिला तो एका कैद्याने. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली; ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. आज आपण ती संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांना बक्षीस देतो. पण कर्जाचे पुस्तक म्हणून ती एकदा वाचून पाहावी. येथे संकट बाहेरच्या चोराचे नाही. ते सावकाराचे आहे, आणि घराच्या उंबऱ्यावर येऊन बसलेले आहे. श्याम कितीही गुणी असला तरी त्याच्या हुशारीने कर्ज फिटत नाही. अब्रू जाते, घर जाते, आणि शेवटी आईही जाते. मुलांच्या पुस्तकाचा शेवट असा करण्याचे धैर्य ज्या गृहस्थाने दाखविले, तो अमळनेरच्या शाळेत मुलांमध्ये राहिलेला आणि पुढे खानदेशातील शेतकरी-कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला होता. आम्हांला यात योगायोग दिसत नाही.

‘श्यामची आई’ घरोघर गेली, पण तिच्यातील कर्ज मागे राहिले आणि अश्रू तेवढे पुढे चालले. मुलांच्या कादंबरीने दुसरी वाट धरली. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या आला. पुढे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून आला आणि त्याने प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत मजल मारली. या पोरांनी मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. भागवतांची भाषा चपळ, आणि त्यांच्या नायकाला उपदेशाचे वावडे. त्यांनी उपदेशाचा संकेत मोडला. सुट्टीचा मात्र तसाच ठेवला.

आता ही सुट्टी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केव्हा येते ते पाहा. दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा शेतात बोंडे फुटलेली असतात. वेचणीला माणूस कमी पडते, आणि घरातील पोरे कमरेला फडके बांधून पराटीच्या ओळीत उभी राहतात. उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा केळापूर, झरी-जामणीकडच्या जंगलपट्ट्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करण्याचे दिवस असतात. पहाटे आई निघाली की पोरही निघते, आणि संध्याकाळी पानांचे पुडे बांधायला बसते. शाळेच्या पाटीवर ज्या दिवसांना सुट्टी म्हणतात, ते पुष्कळ घरांत हंगामाचे दिवस आहेत. अशा घरातील मुलाने सुट्टीतल्या साहसाची कादंबरी उघडली, तर ती त्याला परीकथेसारखी वाटेल. परीकथाही मुलाला हवी असते. पण तिच्याबरोबर स्वतःची कथाही मिळावी, एवढी त्याची मागणी रास्त आहे.

ती कथा मराठीत लिहिली गेलेली आहे. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतर पुस्तकांतील मुले शाळा चुकवून मौज करतात. कागलचा हा आनंदा शाळेत जायला मिळावे म्हणून झगडतो. बापाने शाळा सोडवून त्याला मळ्यात जुंपलेले. दत्ताजीराव देसायांकरवी बापाचे मन वळवावे लागते, आणि बाप कबूल होतो तोही अटी घालून. दिवस उगवला की मळ्यावर जायचे, अकरापर्यंत पाणी पाजायचे, मग शाळा. शाळा सुटली की गुरे चारायची. आम्ही आयुष्यभर मालकांशी करार केले. पण पोराने बापाशी केलेल्या या कराराइतका कडक करार क्वचितच पाहिला. सौंदलगेकर मास्तरांनी लावलेली कवितेची गोडी हा पोरगा मळ्यात जपतो आणि म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो. शाळा हाच येथे खजिना आहे, आणि त्याच्या वाटेवर उभा असलेला पहारेकरी सख्खा बाप आहे. तो बापही दुष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण मळा त्यालाही सोडीत नाही.

आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. वालंबी ही आई आणि राघव हा तिचा मुलगा; जात आणि दारिद्र्य यांच्या दुहेरी कात्रीतून वर येऊ पाहणारे हे घर आहे. बाबा भांडांच्या ‘दशक्रिये’त पैठणच्या घाटावरचा एक पोर आहे. लोक गोदावरीत अस्थी-रक्षा सोडतात आणि हा ती राख चाळून नाणी शोधतो. खजिन्याचा शोध हा मुलांच्या कादंबरीतला किती जुना खेळ! भांडांनी तोच खेळ स्मशानाच्या राखेत मांडला, आणि तो खेळ राहिला नाही. तिच्यावर निघालेल्या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

संकेत मोडण्याची आणखी एक रीत आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ १९९४ साली आला. त्या कथा असल्या तरी लंपन एकच. कानडी मुलखाच्या शेजारचा, आजीआजोबांकडे वाढणारा हा मुलगा काहीही पराक्रम करीत नाही. तो फक्त सगळे पाहतो. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’त, जी २००४ साली आली, नववीतला मुकुंद जोशी प्रेमात पडतो. बाहेर आणीबाणी आहे, आत शिस्त आहे, आणि शेवटी त्याच्या हाती काही लागत नाही. चोर नाही, बक्षीस नाही, तात्पर्य नाही. या दोघांनी विजयाचा संकेत मोडला.

अशी पुस्तके दुसरीकडे कोठे ठेवतात? अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने कुमारवयीन वाचकांसाठी १९५७ साली वेगळा विभाग केला. पुढे १९६७ साली एस. ई. हिंटन या तरुण मुलीची कादंबरी आली. गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांची ती कथा तिने शाळकरी वयातच लिहायला घेतली होती. १९७४ साली रॉबर्ट कॉर्मियरची कादंबरी आली. तिच्यात नायक शेवटी मार खाऊन हरतो. शेवट बदला, असे काही प्रकाशकांनी सांगितले होते. लेखकाने तो बदलला नाही. दोन्ही पुस्तकांवर कित्येक ठिकाणी हरकती निघाल्या. पण ती राहिली मुलांच्याच कपाटात, आणि त्यांच्यामुळे ते कपाट रुंद झाले. आपल्याकडे ‘झोंबी’, ‘राघववेळ’, ‘दशक्रिया’ यांना मोठ्यांनी पुरस्कार दिले आणि मोठ्यांच्याच कपाटात ठेवले. ‘झोंबी’चा एक भाग हिंदीतून देशाच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात गेला, सोळा-सतरा वर्षांचे मूल हे वाचू शकते, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

कायद्याने या वयाची व्याख्या केव्हा केली, हेही ध्यानात घ्यावे. बालमजुरीचा कायदा १९८६ साली झाला. २०१६ साली तो दुरुस्त झाला, तेव्हा चौदा ते अठरा वर्षांचे मूल म्हणजे किशोर, असे त्यात घालण्यात आले, आणि धोक्याच्या कामांना त्याला मनाई झाली. चौदा वर्षांखालील मुलाने शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मात्र मोकळीक राहिली. सुट्टी हा शब्द येथे पुन्हा भेटतो. प्रकाशक ज्या सुट्टीत मुलाला गडावर पाठवितो, त्याच सुट्टीत कायदा त्याला घरच्या कामाला मोकळा ठेवतो.

यवतमाळात मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ च्या संमेलनाचे उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकरी विधवा भगिनीच्या हस्ते झाले, आणि तिचे बोलणे सभामंडपाने ऐकले. ते योग्यच झाले. पण ज्या घरात बाप कर्जापायी जातो, त्या घरात बारा-चौदा वर्षांचे एक मूलही असते. त्याने ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी मुलांच्या कपाटात आली पाहिजे. साने गुरुजींनी नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वी ही वाट पाडून ठेवली आहे. तिच्यावर गवत वाढू देणे शोभत नाही.

ती लिहिली जाईपर्यंत एक काम आपल्या हातचे आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव सार्वजनिक वाचनालये उभी राहिली. तेथील चालकांना आमची विनंती आहे, की फास्टर फेणेला हलवू नका. त्याच्या शेजारी कागलच्या आनंदाला आणि घाटावरच्या त्या पोराला जागा करा. आणि वाचनालय दिवाळीत संध्याकाळी उघडे ठेवा. वेचणीवरून परतलेल्या पोराला पुस्तक हवे असेल, तर तीच त्याची वेळ आहे.